लाल कोटवाल्या सार्जंटची पत्रं
गेल्या हप्त्यात हरभऱ्याचं ओलीत होतं, लाईन रात्री बाराची, मग मोटर चालू करून धुऱ्यावर शेकोटीपाशी बसलो अन मोबाईलवर काहीबाही वाचता वाचता नेहेमिया व्हार्टनची पत्रं सापडली.

लंडनच्या एका व्यापाऱ्याकडे काम करणारा हा पोरगा. 1642 मधे इंग्लंडचा राजा चार्ल्स अन पार्लमेंटचं वाजलं तेव्हा पार्लमेंटच्या बाजूनं डेन्झिल होल्सच्या पायदळ रेजिमेंटमधे सार्जंट झाला. होल्स म्हणजे जानेवारीत ज्या पाच खासदारांना धरायला राजा स्वतः सभागृहात घुसला होता त्यातला एक. अंगात लाल कोट अन बरीचशी लंडनचीच कामगार पोरं.

पत्रं जुन्या मालकाला लिहिलेली, ऑगस्टपासून. मला वाटलं लढाईच लढाई असन, पण यात कुठं हरणं मारून खाल्ली, ॲक्टनच्या चर्चचे कठडे कसे जाळले, हिलिंग्डनला पाद्र्याचा पांढरा झगा फाडून रुमाल कसे केले, असंच सगळं, अन आपल्याच लेफ्टनंट कर्नलवर राग तर विचारूच नका. धर्मासाठी निघालेली पोरं अन करतात काय तर वरातीतल्यासारखा धिंगाणा, हसू आलं मला. एवढ्यात पाईप बदलवायची वेळ झाली म्हणून उठलो, परत येऊन पाहतो तर 7 ऑक्टोबरचं पत्र, अन त्याच्यापुढं काहीच नाही.

23 ऑक्टोबरला एजहिलची लढाई झाली. पार्लमेंटचंच घोडदळ पळत यांच्या अंगावर आलं तरी होल्सची रेजिमेंट टिकली. मग 12 नोव्हेंबरला लंडनजवळ ब्रेंटफर्डला दाट धुवारी पडली होती अन त्या धुवारीतून राजाचा भाचा रुपर्ट फौज घेऊन चालून आला. इकडे फक्त होल्सची अन लॉर्ड ब्रूकची रेजिमेंट. अडथळे लावून लय वेळ झुंजले, शेवटी मागं थेम्स नदी, कित्येक जण तिच्यात बुडाले. दुसऱ्या दिवशी टर्नहॅम ग्रीनवर अख्खं लंडन उभं राहिलं, राजा माघारी फिरला, पण होल्सच्या रेजिमेंटमधे उरलं होतंच किती, 1643 च्या सुरुवातीलाच मोडली. वर्षसुद्धा नाही झालं बाप्पा.

सकाळी आमच्या तुरीवरही धुवारी होती. काकाजी फुलं गळतीन म्हणून काळजीत, त्यातच मी त्यांना हे सगळं सांगितलं तर राजाबिजाचं काही नाही, एवढंच विचारलं, "मंग त्या पोराचं काय झालं?"

"पत्रं बंद झाली."

"मालकानं शोधलं नाही काय त्याले?"