तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅनमध्ये जंतू का दिसत नाही?

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते हे कळलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "भीती नाही वाटत?" त्याचं उत्तर 'नाही' एवढंच आहे. दुसरा प्रश्न जरा वैतागून येतो, कारण विचारणाऱ्याच्या घरात कुणीतरी बरेच दिवस तापाने आडवं असतं. "सीटी झालं, एमआरआय झालं, पेट स्कॅनही झालं. रिपोर्टात काय, तर 'जंतुसंसर्ग असण्याची शक्यता'. एवढ्या अवाढव्य मशीनला साधा जंतू दिसू नये? आणि आता पुन्हा रक्त द्या, थुंकी द्या, पू काढू द्या!"

वैताग रास्त आहे. फोनवर याचं उत्तर अर्धवटच देता येतं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

आधी आकाराचा हिशेब उरकू. ई. कोलाय हा आमच्याकडे रोज भेटणारा जंतू. लांबी साधारण २ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकारमान सुमारे १ घन मायक्रोमीटर. नेहमीच्या एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे शरीराचा साधारण १ घन मिलिमीटर तुकडा धरा. त्या एका ठिपक्यात १०० कोटी जंतू मावतील. फ्रान्समध्ये साक्ले इथे ११.७ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय आहे, माणसाचं शरीर बघणाऱ्या यंत्रांमधलं सगळ्यात ताकदवान. २०२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं दिली. ०.२ मिलिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १ मिलिमीटर जाड, असा त्यातला ठिपका. तरी हिशेब ४ कोटी जंतूंवर येऊन थांबतो. पेट स्कॅनची नजर तर याहून जाड, ४-५ मिलिमीटरची.

(नुसत्या डोळ्यांना दिसणारा जीवाणूही सापडला आहे बरं का. थायोमार्गारिटा मॅग्निफिका, ग्वादलूप बेटांवरचा, २०२२ मध्ये जाहीर झालेला, जवळजवळ १ सेंटिमीटर लांब. पण तो खारफुटीच्या कुजणाऱ्या पानांवर राहतो, माणसाच्या वाटेला जात नाही.)

पण खरी अडचण आकाराची नाहीच. जंतूही आपल्यासारखाच पाणी आणि प्रथिनांचा बनलेला. त्यांचा ढीग जमला तरी क्ष-किरणांना किंवा चुंबकाला तो आसपासच्या मांसापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. स्कॅनमध्ये जे दिसतं ते आपल्या शरीराने जंतूला दिलेलं उत्तर असतं: सूज, साचलेलं पाणी, पू, गळवाची भिंत. तसंच उत्तर शरीर इतर कारणांनीही देतं, म्हणून रेडिऑलॉजिस्ट 'शक्यता' लिहितो. त्याला लोक टाळाटाळ म्हणतात. मी त्याला प्रामाणिकपणा म्हणते.

पेट स्कॅनकडून लोकांच्या अपेक्षा सगळ्यात जास्त असतात, म्हणून त्याचं थोडं खोलात सांगते. त्यात शिरेतून जे टोचतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूत एक छोटा फेरफार करून बसवलेलं किरणोत्सारी फ्लोरिन. माणसावर त्याचा पहिला वापर १९७६ मध्ये झाला. भुकेली पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते आणि त्यावर फॉस्फेट चिकटवते. इथवर सगळं ग्लुकोजसारखं. पुढची पायरी मात्र त्या फेरफारामुळे अडते, आणि फॉस्फेट चिकटल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. चक्रव्यूहातला अभिमन्यूच. जिथे भूक जास्त तिथे हे रेणू साचतात आणि तो भाग चित्रात चमकतो. आता घोटाळा असा, की कर्करोगाची पेशी खादाड आणि जंतूशी लढणारी पांढरी पेशीही खादाड. फुप्फुसातली क्षयाची गाठ आणि फुप्फुसाचा कर्करोग एफडीजीवर सारखेच झळकू शकतात. शस्त्रक्रियेनंतरची साधी सूजही झळकते.

गेल्या दहा-बारा वर्षांतलं संशोधन मला आवडतं ते याच ठिकाणी. काही लोकांनी आणखी बारीक कसं बघायचं हा नाद सोडला आणि वेगळंच विचारलं: जंतू असं काय खातो जे माणसाची पेशी खात नाही?

हा प्रश्न आमच्या टेबलावर शंभराहून अधिक वर्षं पडून आहे. जंतू ओळखायचा तर त्याला काय रुचतं ते बघायचं, ही आमची जुनी रीत. एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातलेल्या मॅकॉन्की अगारच्या (जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या) प्लेटवर शौचाचा नमुना फिरवून प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की बहुतेक ई. कोलायच्या वसाहती (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) गडद गुलाबी, कारण त्यांनी सॉर्बिटॉल पचवून आम्ल सोडलेलं असतं. त्या गुलाबी गर्दीत एखादी फिक्कट, रंग न धरलेली वसाहत दिसली की कान टवकारतात. रक्ताचे जुलाब करणारा, मूत्रपिंडांना धोका असलेला ओ१५७:एच७ हा प्रकार सहसा सॉर्बिटॉल आंबवत नाही. फिक्कट वसाहत सुईने उचलायची आणि पुढच्या तपासणीला लावायची. हे काम आम्ही इतक्या सवयीने करतो की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉ. संजय जैन यांच्या गटाने हेच सॉर्बिटॉल पेट स्कॅनकडे नेलं. एफडीजीवर एकच रासायनिक प्रक्रिया केली की त्याचं किरणोत्सारी सॉर्बिटॉल होतं, नाव एफडीएस. ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि त्यांचं गोत्र ते आत घेतं. माणसाच्या पेशी, कर्करोगाच्या पेशी किंवा स्टॅफिलोकॉकससारखे जंतू त्याला फारसा हात लावत नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी उंदरांवरचे निकाल छापले. उंदराच्या एका मांडीत जिवंत जंतू टोचले, दुसऱ्या मांडीत मारलेले. सूज दोन्हीकडे येणारच, पण एफडीएस जमा झालं ते जिवंत जंतूंच्या मांडीत. औषध लागू पडलं की चमक उतरते, जंतू औषधाला दाद देत नसेल तर उतरत नाही, हेही दिसलं. २०२१ मध्ये हीच गोष्ट रुग्णांमध्ये करून दाखवली.

यात एक गंमत आहे, थोडी कडू. एफडीएस शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडांतून, त्यामुळे मूत्राशय तसाही लखलखतो. आणि ई. कोलायचं सगळ्यात आवडतं ठिकाण कुठलं, तर मूत्रमार्ग! तिथे या तपासणीचा उपयोग मर्यादितच. अर्थात तिथे लघवीची बाटली हाताशी असते, स्कॅनची गरज कुणाला? कस लागतो तो सुई पोचत नाही अशा जागी: मणक्यात, बसवलेल्या कृत्रिम सांध्याभोवती, पोटाच्या खोल भागात.

क्षयरोगासाठी असंच काम ट्रेहॅलोज या शर्करेवर झालं आहे. क्षयाचा जंतू ती आपल्या मेणचट भिंतीच्या बांधकामात वापरतो. माणसाचं शरीर ती बनवतच नाही. ऑक्सफर्डचे बेन डेव्हिस, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले क्लिफ्टन बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये एफडीटी नावाच्या किरणोत्सारी ट्रेहॅलोजचं काम प्रसिद्ध केलं. मला त्यातला जैवतंत्रज्ञानाचा भाग जास्त भावला. या सगळ्यांत बसवलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे दूर कुठेतरी बनवून सावकाश पाठवू असं चालत नाही. त्यांनी विकरं (एन्झाइम) वापरून एफडीजीपासूनच एफडीटी करायची पद्धत बसवली. एफडीजी जिथे पोचतं तिथे हे करता यावं असा हिशेब. आतापर्यंतचे निकाल प्राण्यांमधले आहेत, त्यामुळे उद्या तुमच्या डॉक्टरांकडे मागायला जाऊ नका.

क्षयाच्या बाबतीत हे इतकं महत्त्वाचं का? कारण इथे 'जंतू आहे का' याइतकाच 'मेला का' हा प्रश्न अवघड असतो. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला १८ ते २४ तास घेतो, म्हणून द्रव माध्यमात तो वाढतो का ते बघायला आम्ही बाटली ६ आठवडे ठेवतो. जीनएक्सपर्टसारखी चाचणी २ तासांत जंतूचा डीएनए सापडला की नाही ते सांगते, पण डीएनए मेलेल्याचाही सापडतो. आणि उपचार पूर्ण होऊन बऱ्या झालेल्या कित्येक रुग्णांच्या फुप्फुसांत एफडीजी चमकतच राहतं, हेही अभ्यासात दिसलं आहे. ती चमक जिवंत जंतूची की मागे उरलेल्या सुजेची, एफडीजी सांगत नाही. जिवंत जंतूच फक्त खाईल असं काही टोचलं तर सांगता यावं, ही आशा.

याच हॉपकिन्सच्या गटाचं आणखी एक काम मला जास्त मोलाचं वाटतं, आणि त्यात जंतू बघायचा प्रयत्नच नाही. त्यांनी रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधात किरणोत्सारी कार्बन बसवला आणि औषधाचाच माग काढला. कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, तेव्हा सगळी धावपळ. फुप्फुसाचा क्षय झालेल्या १२ रुग्णांमध्ये दिसलं, की औषध सगळीकडे सारखं पोचत नाही. क्षयाने फुप्फुसात जी पोकळी पडते तिच्या भिंतीत ते कमी पोचतं, आणि जंतूंची दाटी नेमकी तिथेच असते. हे २०२० मध्ये छापलं गेलं. त्याआधी क्षयाच्या मेंदूज्वरातही त्यांना मेंदूत औषध तोकडंच पोचताना दिसलं होतं. रक्तात औषधाची पातळी बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या सगळ्यांनी हे निकाल वाचावेत असं मला वाटतं.

जंतू सोनोग्राफीत दिसावा अशीही सोय झाली आहे. पाण्यावर तरंगणारे काही सूक्ष्मजीव पेशीत प्रथिनांच्या पोकळ, हवा भरलेल्या कुप्या बनवतात. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने त्या कुप्यांची जनुकं २०१८ मध्ये ई. कोलाय आणि साल्मोनेलात घातली, आणि ते जंतू उंदराच्या शरीरात अल्ट्रासाउंडवर दिसू लागले. आवाजाचा जोर वाढवला की कुप्या फुटतात. आधीचं आणि नंतरचं चित्र वजा केलं की उरतो तो जंतूच. हे आपण मुद्दाम घडवलेल्या जंतूंपुरतं आहे, उदाहरणार्थ गाठीत औषध घेऊन पाठवलेला जंतू पोचला का ते बघायला. रोगाचा जंतू अशा कुप्या घेऊन येत नाही.

आता मूळ तक्रारीकडे, पुन्हा रक्त कशाला? मघाशी एका ठिपक्यात १०० कोटी जंतू मावतात म्हटलं. ई. कोलायला पोषक माध्यमात ठेवलं तर तो दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. १० तासांत ३० दुपटी, एकाचे १०० कोटी. तितका वेग दर वेळी मिळत नाही, पण तत्त्व तेच: कुठल्याही स्कॅनला एकटादुकटा जंतू सापडणार नाही, आमच्या पोषक माध्यमाच्या बाटलीला सापडतो, कारण ती त्याला वाढवते. आमच्या बाटल्यांच्या बुडाशी एक चकती असते. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि हिरवट निळी चकती पिवळी पडते. मशीन रात्रंदिवस तेवढंच बघत असतं. बाटली वाजली की थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅमचा रंग (जंतूंचे दोन मोठे गट वेगळे दाखवणारा) द्यायचा आणि जे दिसेल ते लगेच वॉर्डात फोन करून सांगायचं. वसाहत वाढली की तिच्यावरून नाव कळतं, आणि कुठलं अँटिबायोटिक चालेल तेही. हे शेवटचं स्कॅनला विचारूच नका. एफडीएस फार तर जंतूचं गोत्र सांगेल, आणि औषध लागू पडलं का ते औषध दिल्यावर. कुठलं द्यायचं हे आधी बाटलीच सांगते.

म्हणून रक्त द्या, आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. "एवढं काढताय?" असं विचाराल तर प्रौढ माणसाकडून दर बाटलीला ८ ते १० मिलिलिटर लागतं. रक्तात जंतू शिरलेल्या माणसाच्या एका मिलिलिटरमध्ये कित्येकदा एकही जंतू नसतो. बाटलीत २ मिलिलिटरच टाकलं तर तो आत आलाच नसेल, आणि आम्ही ५ दिवस रिकामी बाटली बघत बसू.