ग्रेटेस्ट हिट्स घेतलं आणि त्यात हॉटेल कॅलिफोर्नियाच नाही

पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हाची गोष्ट, १९९५ असेल. तेव्हा गॅदरिंगला जो कोणी गिटार घेऊन स्टेजवर चढायचा तो ईगल्स या अमेरिकन बँडचं हॉटेल कॅलिफोर्नियाच वाजवायचा, निम्म्यांना शब्द यायचे नाहीत पण सुरुवातीचं ते वाजवणं सगळ्यांना यायचं. मला ती कॅसेट पायजेच होती. दुकानदाराला विचारलं, त्याने ईगल्सची 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' काढून दिली, म्हणाला घे रे, ग्रेटेस्ट हिट्स आहे म्हणजे सगळं आलंच की त्यात. कव्हरवर निळ्या पार्श्वभूमीवर गरुडाची कवटी, एकदम भारी. मेसचे पैसे त्यात घातले आणि खोलीवर येऊन बघतो तर दहा गाणी, आणि हॉटेल कॅलिफोर्निया नाहीच!

चूक माझीच. कव्हरवर स्वच्छ छापलं होतं, १९७१-१९७५. हा अल्बम आला फेब्रुवारी १९७६ मध्ये आणि हॉटेल कॅलिफोर्निया आलं त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे ज्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं अजून यायचंच होतं त्यांचं ग्रेटेस्ट हिट्स आधीच बाजारात! हा उद्योग रेकॉर्ड कंपनीचा, पुढचा अल्बम लांबलाय ना मग तोवर हे विका. बँड काही खूश नव्हता. त्यांचा ड्रमर आणि गायक डॉन हेन्लीचं म्हणणं असं की डेस्पराडो आणि टकीला सनराइज ही एका सलग गोष्टीसारख्या अल्बममधली गाणी, ती उचलून इथे आणून टाकली. बरोबरच आहे त्याचं. पण डेस्पराडो कधी सिंगल म्हणून आलंच नव्हतं, त्यामुळे माझ्यासारख्यांना ते इथेच भेटलं, तर मी कंपनीला शिव्या कशा घालू?

आणि विकलं किती बघा. अमेरिकेत प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचं सर्टिफिकेट मिळालेला हा पहिलाच अल्बम, आणि २०१८ मध्ये आकडा ३ कोटी ८० लाखांवर गेला तेव्हा त्याने मायकल जॅक्सनच्या थ्रिलरलाही मागे टाकलं. दहा गाण्यांच्या जुळवाजुळवीने!

पहिले दोन दिवस मी रुसून कॅसेट लावलीच नाही. मग लावली, पैसे गेलेच होते. कॅसेटचं असं की गाणं उडवायचं तर फॉरवर्ड दाबून अंदाजाने थांबायचं, सेल संपतात, त्यापेक्षा ऐकलेलं बरं. त्यामुळे सहा मिनिटांचं लाइन आइज पण पूर्ण ऐकलं, आणि तेच आज सगळ्यात जास्त आवडतं. टेक इट इझीच्या मागे बँडमधल्या बर्नी लेडनचा बँजो कसा धावत असतो ते हेडफोन लावल्यावर कळलं. लेडन १९७५ च्या शेवटी बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी गिटारिस्ट जो वॉल्श आला, म्हणून पुढचे ईगल्स जरा जास्त रॉक वाटतात आणि हे जरा गावाकडचे.

साइड बी वर तिसरं गाणं टेक इट टू द लिमिट, बँडच्या बासिस्टने, रँडी माइझनरने गायलेलं. शेवटी तो वर वर चढत जातो ना, नेमकी तिथेच माझ्या टू-इन-वनने, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरने, टेप खाल्ली. पेन घालून गुंडाळली, नखाने सुरकुत्या सरळ केल्या, चालली, पण त्या जागी रँडीचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. नंतर कळलं की त्यालाही हा वरचा सूर स्टेजवर लावायचं टेन्शन यायचं, १९७७ च्या टूरमध्ये एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून गायला नाही म्हणाला तर बँडमधल्याच ग्लेन फ्रायशी जुंपली, आणि त्याच वर्षी त्याने बँड सोडला. आता दोघंही नाहीत.

शेवटी एका सिनियरकडून हॉटेल कॅलिफोर्निया मिळालंच. मी कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणली, आख्खं ग्रेटेस्ट हिट्स त्यावर उतरवलं, दोन्ही बाजूंना आठेक मिनिटं उरतात त्यातली साइड ए ची आठ मिनिटं वापरली आणि डेस्पराडोनंतर ते गाणं घातलं. वर मार्करने लिहिलं, १९७१-१९७६. रँडीचा तो पाण्याखालचा आवाजही तसाच उतरला.