तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं नाव का सोडलं?

मार्च संपत आला की मेसेज सुरू होतात. कुणी लातूरचं असतं, कुणी डोंबिवलीचं. हातात परदेशातल्या पब्लिक पॉलिसीच्या (सार्वजनिक धोरणाच्या) मास्टर्सच्या प्रवेशाची दोन-तीन पत्रं असतात आणि कुठून तरी माझी गोष्ट कानावर गेलेली असते. मग ठरलेला प्रश्न येतो: "ताई, एवढं मोठं नाव सोडून तुम्ही त्या राज्य विद्यापीठात का गेलात?" माझा मामा हेच बारा महिने विचारतो, पण त्याच्या विचारण्यात प्रश्नचिन्ह नसतं.

पैशासाठी, हे छोटं उत्तर. पण त्यानं काही उलगडत नाही, कारण पैसे मिळत होते. बँक द्यायला तयार होती.

गोष्ट २०१८ची. मी सोलापूर जिल्ह्यात एका संस्थेत होते. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात यायला लागला होता. 'आमचं गाव, आमचा विकास' या सरकारी उपक्रमातले गावांचे आराखडे कसे तयार होतात, म्हणजे बऱ्याचदा मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून कसा उतरवला जातो, हे मी तीन वर्षं बघत होते. पगार २८ हजार. अर्जातला निबंधही मी याच आराखड्यांवर लिहिला होता.

तीन पत्रं आली. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या कोर्सला फंडिंग शून्य होतं, त्यामुळे ते त्याच दिवशी बाजूला पडलं. दुसरं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं अशा ठिकाणाहून: वर्षाची ट्यूशन, म्हणजे शिकवण्याचं शुल्क, ५० हजार डॉलर, त्यात २० हजारांची स्कॉलरशिप. तिसरं मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, राज्य विद्यापीठाचं: असिस्टंटशिप, आठवड्याला २० तास काम, त्याबदल्यात ट्यूशन माफ आणि नऊ महिने दरमहा दीड हजार डॉलर. दुसऱ्या पत्राचे पेढे वाटले गेले. तिसऱ्याचं गाव बाबांना नकाशात शोधावं लागलं.

वीस हजार डॉलरची स्कॉलरशिप हा आकडा आमच्या बार्शीत फार मोठा वाटतो. आठवडाभर आम्ही 'मिळणार किती' एवढंच बोलत होतो. 'भरायचे किती' हे बाबांनी काढलं, एका पाठकोऱ्या कागदावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलंय. उरलेली ट्यूशन ३० हजार, राहणं-खाणं-विमा २४ हजार, दोन वर्षांचे मिळून १ लाख ८ हजार डॉलर. डॉलर तेव्हा ६५ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ७० लाख. बाबांनी आकडा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं.

बँकेत कळलं की साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागतं. आमची चार एकर जमीन आहे, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही. फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट हवा. म्हणजे राहतं घर. मॅनेजर भले गृहस्थ होते, त्यांनी स्वतःच हप्ता काढून दिला: साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षं, महिना साधारण ७७ हजार. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नव्हतं.

मला परत येऊन ग्रामपंचायतींच्याच पैशांवर काम करायचं होतं. त्या कामात ७७ हजार पगारसुद्धा मोठा, हप्ता तर बाजूलाच. ७० लाखांचं कर्ज घेतलं असतं तर नोकरी मी निवडली नसती, कर्जानं निवडली असती. एखाद्या कन्सल्टिंग कंपनीत जाऊन तिथे मी 'ग्रामीण विकास' नावाच्या स्लाइड्स बनवल्या असत्या. त्यातही चांगली माणसं असतात, पण माझा निबंध त्यासाठी नव्हता.

"मग तिकडेच राहायचं, डॉलरमध्ये फेडायचं," मामा म्हणाला. तोही हिशोब केला. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. कोर्सचा सरकारी वर्गवारीतला कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत असेल तर आणखी २४. पॉलिसीचे काही कोर्स त्यात बसतात, काही नाही. एकाच कॉलेजातल्या दोन डिग्र्यांचे कोड वेगळे असू शकतात. माझ्या पूर्व किनाऱ्याच्या डिग्रीचा बसत नव्हता. शिवाय या शाळांमधून पुष्कळ मुलं सरकारी नोकऱ्यांत जातात आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्या जवळपास सगळ्या नागरिकांसाठीच असतात. प्लेसमेंटचा रंगीत तक्ता बघताना आपण तो हिस्सा आधी खोडायचा. मी पूर्व किनाऱ्याच्या विद्यापीठाला मेल करून विचारलं की परदेशी विद्यार्थी नेमके कुठे लागतात. उत्तर लगेच आलं, अतिशय गोड होतं, आणि त्यात एकही आकडा नव्हता.

पैशाला अट असतेच, ती लिहिलेली असो वा नसो. बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार त्यांनी केला होता. मुदत संपल्यावर १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं आणि बडोद्यात काय वाढून ठेवलेलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. माझी गोष्ट त्या शेजारी ठेवण्याची माझी लायकी नाही. पण तो करार निदान कागदावर होता. माझा करार ७७ हजारांच्या आकड्यात दडलेला होता.

तरी मी एकदम नाही म्हटलं नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून राज्य विद्यापीठाची ऑफर जोडून पूर्व किनाऱ्याला लिहिलं की काही वाढवता येईल का. मंडईत घासाघीस केल्यासारखं वाटून लाज वाटत होती. दोन दिवसांत त्यांनी पहिल्या वर्षासाठी ५ हजार डॉलर वाढवले. सत्तरचे सदुसष्ट लाख झाले. लाज बाळगू नका, जरूर विचारा.

आणि १५ एप्रिल लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एका ठरावावर सही केलेली आहे. फंडिंगच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायला ती विद्यापीठं तुम्हाला भाग पाडत नाहीत. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का आणि तो ठराव आपल्या ऑफरला लागू होतो का, हे मात्र तपासून घ्या. मी चौदा तारखेला रात्री राज्य विद्यापीठाला हो कळवलं. आई झोपली नव्हती.

आता माझी चूक सांगते, कारण ती कुणी विचारत नाही. ट्यूशन माफ म्हणजे फी माफ, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. दर सेमिस्टरला 'फीज' नावाचा वेगळा खर्च असतो, आरोग्य विमा वेगळा, आणि उन्हाळ्याचे तीन महिने स्टायपेंड नसतो. असिस्टंटशिपही एकाच वर्षाची होती. पत्राच्या दुसऱ्या पानावर 'निधी उपलब्ध असल्यास' अशी एक ओळ होती. मी ती वाचली होती, पण जाहिरातीखालची बारीक अक्षरं वाचतात तशी. दुसऱ्या वर्षी विभागाकडे पैसे नव्हते. वरच्या खर्चासाठी सात लाखांचं विनातारण कर्ज काढलं होतं, त्याचे पैसे त्या उन्हाळ्यात संपत आले होते. त्यातच मी निघाले त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डॉलर ७४ला जाऊन आलेला. तिसऱ्या पत्राच्या हिशोबात बाबांनी दर ६५चा धरला होता.

मी दारोदार फिरले, आणि काम मिळालं ते कृषी विस्तार विभागात. माझ्यासारखी बरीच राज्य विद्यापीठं १८६२च्या कायद्यानं मिळालेल्या जमिनीच्या पैशांतून उभी राहिली. शिकलेलं गावोगाव पोचवायचं हे त्यांचं जुनं काम आहे. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा साचाही तिथूनच आलाय. माझं काम होतं छोट्या काउंटींचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, अर्थसंकल्प एका तक्त्यात भरणं: रस्त्यांवर किती, बर्फ उपसण्यावर किती. एका काउंटीनं सलग तीन वर्षं तेच आकडे दिले होते, फक्त तारीख बदलून. मी एकटीच हसले, बार्शीची आठवण येऊन. दोन वर्षांत सगळ्यात जास्त मी त्या खोलीत शिकले, आणि ते कुठल्याच पत्रात लिहिलेलं नव्हतं.

पदवी मे २०२०मध्ये मिळाली, म्हणजे कधी ते तुम्हाला कळलंच असेल. नोकऱ्या गोठल्या होत्या. जुलैत, अडकलेल्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानानं मुंबईला उतरले. घर आमच्याच नावावर होतं. मामालासुद्धा तेव्हा माझा निर्णय दूरदृष्टीचा वाटला, पण दूरदृष्टी कसली, महामारीचं मला स्वप्न पडलं नव्हतं. २०२०च्या जागी दुसरं साल असतं तर मोठ्या नावाचा निर्णयही बरोबर ठरला असता. माझ्या ओळखीच्या एकीनं तसाच घेतला, ती आज वॉशिंग्टनमध्ये चांगल्या जागी आहे, आणि तिच्या एका फोनवर जी दारं उघडतात ती माझ्या दहा मेलवर उघडत नाहीत. मंत्रालयात कुणी विचारलं, "शिक्षण कुठे?" तर मी नाव सांगते, समोरचे "हो हो, ऐकलंय" म्हणतात, आणि त्यांनी ऐकलेलं नसतं. तेवढी किंमत मी अजून मोजतेय.

तेव्हा पत्रं मला जरूर पाठवा, वेळ मिळेल तशी वाचते. फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठवू नका, तिथे अभिनंदन असतं. दुसरं पान पाठवा. आणि घरात कुणी गणिताचं असेल, तर आधी त्यांना एक पाठकोरा कागद द्या.