आम्ही वीकेंड विकतो: उद्यमनगरातल्या एका गॅरेजची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेज काढायला फार मोठं धाडस लागत नाही. लेथवाला, होनिंगवाला, क्रँक ग्राइंडिंग करणारा, पॅटर्न मेकर, वेल्डर हे सगळे हाकेच्या अंतरावर. उसाला पाणी पाजणारी डिझेल इंजिनं या भागानं पिढ्यानपिढ्या बनवली आणि बिघडली की दुरुस्तही केली. आमच्या वडिलांचं दुकान सिलिंडर बोअरिंगचं. मी त्याच शेडमध्ये मोटारींची कामं घ्यायला लागलो, आणि पुढे शर्यतीच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा शेजाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. "कुठलं इंजिन हाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

कोल्हापूरला शर्यतीचा नाद जुना. हायवेलगत कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथं पोरं लहानपणापासून चाक फिरवतात. कृष्णराज महाडिक तर इथून ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. पण आमचं गिऱ्हाईक ते नव्हे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्री चालवणारा, दातांचा डॉक्टर, बांधकामवाला, इचलकरंजीचा यंत्रमागवाला. सोमवार ते शुक्रवार पोटापाण्याचं काम आणि वर्षातले काही वीकेंड शर्यत. स्वतःच्या खिशातून.

सुरुवातीला आम्ही फक्त कामं करायचो. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, वेल्ड करून दे, हेड पॉलिश कर, सस्पेन्शन बसव. त्यांची मजुरी घ्यायची आणि गाडी ट्रकवर चढवून द्यायची. मग शनिवारी दुपारी चेन्नईहून फोन यायचा. गाडीबरोबर कुणीतरी मित्र गेलेला असायचा, त्याला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून सांगावं लागायचं. एकदा एका डॉक्टरांनी गॅरेजात खुर्ची ओढून सरळ सांगितलं, "हे बघा, मला गाडीतलं काही कळून घ्यायचं नाही. मी गुरुवारी रात्री विमानानं येणार, शुक्रवारी सकाळी हेल्मेट घालून बसणार, रविवारी रात्री परत. मधलं सगळं तुमचं. बोला, किती?"

आमचा आजचा धंदा त्या 'किती'तून उभा राहिला.

भारतात सर्किट म्हणण्यासारख्या जागा मोजक्या. इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, नोएडाकडचा बुद्ध सर्किट. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती बंद होऊन 1990 च्या सुमारास मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा पक्का ट्रॅक आला. 3.7 किलोमीटरचा, बारा वळणांचा. आमचा बहुतेक हंगाम तिथंच जातो. गंमत अशी की आमच्या दारातला पुणे-बंगळूर हायवेच पुढे तिथं जातो: बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर. राष्ट्रीय महामार्ग 48 सोडायचा नाही, ट्रॅक रस्त्यालगतच येतो. सुमारे नऊशे किलोमीटर.

या नऊशे किलोमीटरमुळेच आमची शिस्त ठरली. तिथं विसरलेली वस्तू उद्यमनगरात पोरगं सायकलवर पाठवून आणता येत नाही.

गाडी बहुतेकदा मारुती एस्टीम. 1994 साली आलेली, 2007 मध्ये बंद झालेली. नव्या वाचकांना वाटेल, एवढी जुनी गाडी कशाला? वजनाला हलकी, 1.3 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं अॅल्युमिनियम इंजिन, आणि वर्षानुवर्षं टूरिंग कारच्या गटांत हीच पळाल्यामुळे तिचं कुठं काय तुटतं हे सगळ्यांना पाठ. हौशी माणसाला गाडीचे दोष आधीपासून माहीत असणं हे पंधरा हॉर्सपॉवर जास्त असण्यापेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. याच्यावर आमच्याकडे वाद होतात, होऊ देत.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढते आणि चाकं उतरतात. सगळं काम सांगत बसलो तर पान पुरणार नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, मेन स्विच. नियमानं गाडीला एक स्विच लागतो जो बाहेरूनही ओढता येतो. त्याच्यापाशी निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह असतं, म्हणजे अपघातात मार्शलला, ट्रॅकवरच्या सुरक्षेच्या माणसाला, शोधावं लागू नये. बाजारात मिळणारा साधा बॅटरी कटऑफ बसवला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. गाडी उभी असताना तो चालतोही. पण इंजिन सुरू असताना फिरवा: बॅटरी तुटते, तरी अल्टरनेटर वीज देतच राहतो आणि इंजिन मजेत चालू. तपासणीला स्क्रुटिनिअर, म्हणजे गाडी नियमात बसते का बघणारे, नेमकं हेच करतात, इंजिन सुरू करायला सांगतात आणि स्विच फिरवतात. इंजिन मेलं पाहिजे. त्यासाठी जादा संपर्क असलेला स्विच लागतो. बॅटरीबरोबर तो इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरचा उरलेला दाब एका रेझिस्टरमधून जमिनीला सोडतो. आमच्याकडे ही चाचणी गाडी ट्रकवर चढायच्या आधी दोनदा होते, एकदा वायरमन करतो आणि एकदा ज्यानं वायरिंग केलेलं नाही असा माणूस.

दुसरी, ब्रेकचं तेल. डॉट 4 तेल डब्यातून नवं काढलं की किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पुरेसं पाणी शोषल्यावर प्रमाणानुसार ही मर्यादा 155 वर आली तरी चालते. रस्त्यावर कुणाला पत्ता लागत नाही. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत तीन-चार ठिकाणी जोरात ब्रेक मारले की कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापतो, तेलातलं पाणी वाफ होतं आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी जुनं तेल सगळं बाहेर आणि सीलबंद डब्यातलं आत. उघडलेला डबा दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही, तो रस्त्यावरच्या गाड्यांच्या कपाटात जातो. कोइंबतूरला तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा दोनदा काढतो, कारण तो ट्रॅक छोटा, आखूड सरळ पट्टे आणि सारखं ब्रेक. ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

तिसरी आमच्या मोठ्या मिस्त्रींची, ज्यांना गॅरेजात सगळे मामा म्हणतात. चार चाकांखाली चार काटे ठेवून वजन बघायचं असतं, आणि ते ड्रायव्हर आत बसलेला असताना. ड्रायव्हर मुंबईत किंवा ऑपरेशन थिएटरात. मामांनी शेजारच्या फाउंड्रीतून काट्याची प्रमाणित वजनं आणली आणि डॉक्टरांच्या वजनाइतकी बकेट सीटवर रचून वर सीट बेल्ट लावला. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळ आलं की ते स्प्रिंगची प्लेट लॉक करतात. तोवर ते कुणाशी बोलत नाहीत. एकदा मी मध्येच म्हणालो, "मामा, चालतंय की आता," तर मान वर न करता म्हणाले, "मालक, तुम्हाला चालतंय, डावीकडं वळताना त्या गाडीला चालायचं न्हाई."

यानंतर प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ. टॉर्क पान्यानं घट्ट केला की नटावरून बाजूच्या धातूपर्यंत एक रेघ ओढायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं की तुटलेली रेघ लगेच दिसते. साधी युक्ती, पण पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, वीस मिनिटं असतात तेव्हा ही रेघ एका माणसाचं काम वाचवते.

माणसं हा या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. एका गाडीमागे आम्ही तिघं नेतो: एक इंजिनचा, एक सस्पेन्शन-ब्रेकचा आणि एक टायर-पेट्रोल-पाणी बघणारा. टायरवाला बहुतेकदा पॉलिटेक्निकचा पोरगा असतो. त्याच्याकडे गेज आणि वही. चेन्नईच्या उन्हात टायर दहा अंश तापला की हवा साधारण एक-दीड पीएसआय वाढते, त्यामुळे गाडी आत आली की थंड व्हायच्या आत चारही चाकांची हवा नोंदवायची. पुढच्या चाकांनीच ओढणारी गाडी, म्हणजे पुढचे टायर आधी जळतात, मागच्याची कुणी फिकीर करत नाही आणि तिथंच गाडी शेपूट फिरवते. हा पोरगा तेवढं बघतो. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगतो की ड्रायव्हरशी तू बोलायचं नाहीस. ड्रायव्हरशी एकच माणूस बोलतो, मी. गाडीतून उतरलेल्या माणसाला एकाच वेळी तिघांनी "कशी आहे?" विचारलं की तो तिघांना तीन उत्तरं देतो, आणि मग तिघं तीन गोष्टी बदलतात.

शुक्रवार सरावाचा, शनिवारी पात्रता फेरी, मग शर्यती, रविवारी पुन्हा शर्यत. वेळापत्रक प्रत्येक वेळी थोडं इकडचं तिकडे होतं. शुक्रवारी आम्ही वेगाच्या मागे लागत नाही. पहिल्या फेरीला गाडी नुसती फिरवून आणायची, चाकांचे नट तपासायचे, तेलाचा थेंब कुठे दिसतो का बघायचं. पुढच्या फेरीपासून ड्रायव्हरनं एकाच वळणाबद्दल बोलायचं. हौशी ड्रायव्हर बाराही वळणांची तक्रार एका दमात करतो. बहुतेक वेळा तक्रार गाडीची नसते, सकाळपासून पाणी न प्यायल्याची असते. आगीपासून वाचवणारा नोमेक्सचा जाड सूट, बंद काचा आणि दमट हवा. म्हणून आमच्या पेटीत पान्यांच्या बरोबरीनं मिठाची, साखरेची, लिंबाची सोय असते. जेवणात दहीभात आणि वर आमची कांदा-लसूण चटणी. तिथले मेकॅनिक आता चटणी मागायला येतात आणि त्या बदल्यात वेळेला एखादा एक्सल देतात. हा व्यवहार कुठल्याच बिलात येत नाही.

बिलाचं सांगतो, कारण या धंद्यात येणाऱ्या तरुणांना नेमकं हेच कुणी सांगत नाही. वीकेंडच्या ठोक रकमेत ट्रक, माणसं, राहणं, जेवण, तेल, ब्रेक पॅड येतात. प्रवेश फी आणि टायर वेगळे. आणि करारातलं सगळ्यात मोठ्या अक्षरातलं वाक्य: ठोकरीचं काम वेगळं. ड्रायव्हरनं भिंतीला लावली तर पत्रा, आर्म, हब सगळं त्याच्या खात्यावर. हे आधी लिहून सही घेतलेली असते, म्हणून रविवारी रात्री चहावर वाद होत नाही. वर 18 टक्के जीएसटी. गाडी रस्त्यावर चालवायची नसल्यामुळे ती ट्रकवर माल म्हणून जाते: डिलिव्हरी चलन, त्यावर "शर्यतीसाठी, विक्रीसाठी नव्हे", आणि ई-वे बिल. आमच्या घरातल्या हिशेबाच्या माणसानं, म्हणजे बायकोनं, या कागदांचा एक संच ट्रकमध्ये आणि एक माझ्या पिशवीत ठेवायची सक्ती केली आहे. एका नाक्यावर ट्रक ड्रायव्हरची फाइल भिजली तेव्हा दुसरी कामाला आली.

आगाऊ रक्कम निम्मी. ती आली नाही तर गाडी घोड्यावरून खाली उतरत नाही. मोठ्या नावाची एक-दोन गिऱ्हाईकं या नियमापायी दुसरीकडे गेली, त्यातलं एक परत आलं. उरलेल्यांबरोबर आज आमचे संबंध नात्यासारखे आहेत, आणि त्याचं कारण हेच की पैशाचं बोलणं गाडीला हात लावायच्या आधी संपलेलं असतं.

आता पुढचं. एस्टीमचे नवे पार्ट मिळणं अवघड होत चाललंय. हब आणि ड्राइव्ह शाफ्ट आम्ही शिरोलीतल्या मशीन शॉपमधून करून घेतो, जिथं नियम परवानगी देतात तिथं. गिअरबॉक्सचं मात्र जुन्या गाड्या विकत घेऊन खोलल्याशिवाय भागत नाही. मागच्या शेडमध्ये आता त्या खोललेल्या गाड्यांचीच रांग आहे. फोक्सवॅगनच्या पोलोकडे वळा असं बरेच जण सांगतात. पोलोही 2022 पासून भारतात बनत नाही, पण रस्त्यावर भरपूर आहेत आणि पार्ट अजून मिळतात. एक पोलो सध्या घोड्यावर आहे. मामांना तिचं वायरिंग आवडलेलं नाही. "लई कॉम्प्युटर हाय," एवढंच ते म्हणतात, आणि रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर तिच्याच खाली जाऊन बसतात.

या हंगामात आम्ही तीनच गाड्या घेतोय, कारण प्रत्येक गाडीमागे तीन माणसं ट्रॅकवर नेऊन इथलं रोजचं काम सांभाळायला तेवढेच हात आहेत. दोन ठरल्या आहेत. तिसरीसाठी यायचं असेल तर गाडी पावसाळ्याच्या आधी आणा, सोबत तिची जुनी वही आणा, आणि मागच्या शर्यतीत काय तुटलं होतं ते खरं सांगा.