‘इथे आलो’, ‘इथेपण आलो’

आज ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एकच उद्योग: कोडमधले जुने कन्सोल डॉट लॉग, म्हणजे कोड कुठवर पोचला ते कळावं म्हणून टाकलेल्या संदेशांच्या ओळी, उपटणे. ‘इथे आलो’, ‘इथेपण आलो’, एक तर नुसताच ‘अरे देवा’. सगळे माझेच प्रताप!

त्यांच्या जागी लॉगलेव्हल ही असे संदेश सांभाळणारी छोटीशी लायब्ररी (तयार कोड) बसवली. ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर अशा गंभीरतेच्या चढत्या ५ पायऱ्या. काही सांगितलं नाही तर वॉर्न आणि त्यावरचंच दिसतं. झकास. पण सेटलेव्हलने (पायरी ठरवणाऱ्या फंक्शनने) डीबग लावून पाहिलं, मग ती ओळ काढली, तरी लॉग आपले धो धो चालूच. तासभर डोकं खाजवलं. शेवटी शेजारच्या ताईने चहा पिता पिता सांगितलं, अरे, ती लायब्ररी लावलेली लेव्हल ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (पान बंद केलं तरी टिकणाऱ्या साठ्यात) जपून ठेवते ना!

ठाणे लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली. आणि दिघा गाव स्टेशनला आठवलं, ‘अरे देवा’ काढायचा राहिलाच.