चिल्लई कलानमधलं घर: शोपियांच्या खेड्यातला हिवाळा

काश्मीरला बर्फ बघायला जाणारी मंडळी बहुधा गुलमर्ग-पहलगामच्या हॉटेलात उतरतात आणि हीटरच्या खोलीतून बाहेरचा बर्फ बघतात. तोच बर्फ घराच्या छपरावर, नळात, गोठ्यात काय उद्योग करून ठेवतो ते बघायचं असेल तर खेडं गाठायला हवं. आम्ही जानेवारीत शोपियां जिल्ह्यातल्या सफरचंदाच्या बागांमधल्या एका गावात राहिलो. श्रीनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर, उंची २,००० मीटरच्या आसपास. इथून पीर की गली ही खिंड ओलांडून पूंछला जाणारा मुघल रोड हिवाळ्यात बर्फाखाली बंद असतो, त्यामुळे थंडीपुरता हा भाग रस्त्याच्या टोकालाच येतो.

इथल्या थंडीचं स्वतःचं पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे थोरली थंडी. त्यानंतर २० दिवस चिल्लई खुर्द, धाकटी. शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. थोरल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, डोंगरावर साठतो आणि उन्हाळ्यात ओढ्या-कालव्यांना पाणी पुरवतो. म्हणून घरची कामं कितीही वाढली तरी या दिवसांत बर्फ पडला नाही तर शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात. फेब्रुवारीच्या शेवटी पडणारा बर्फ ओला, जड आणि दोन दिवसांत वितळणारा. त्याला फारसा मान नाही.

हिवाळ्यात घर आक्रसतं. दुमजली-तिमजली घराचा वरचा मजला बंद करतात आणि सगळं कुटुंब तळमजल्यावरच्या एक-दोन खोल्यांत येतं. खिडक्यांच्या चौकटींना आतून जाड प्लास्टिकचा कागद पट्ट्या ठोकून ताणून बसवतात. काच आणि कागद यांच्यामध्ये बोटभर जागा सुटली पाहिजे, कारण थंडी अडवण्याचं काम ती अडकलेली हवा करते. कागद काचेला चिकटला की त्यावर ओल धरते आणि चौकटीचं लाकूड कुजतं. वरचा एक झरोका मात्र मोकळाच ठेवायचा. तो का, ते पुढे येईलच.

ज्यांना परवडतं त्यांच्या घरात हमाम असतो. नावावरून न्हाणीघर डोळ्यांसमोर येतं, पण ही बसायची-झोपायची खोली आहे. विटांच्या ठेंगण्या खांबांवर दगडी लाद्या टाकून जमीन केलेली असते आणि खाली पोकळी. एका कडेला, बाहेरच्या किंवा न्हाणीच्या बाजूने, भट्टीचं तोंड. तिथे लाकडं पेटवली की धूर आणि गरम हवा लाद्यांखालून फिरून समोरच्या भिंतीतल्या धुराड्यातून बाहेर पडते. भट्टीच्या डोक्यावर तांब्याची टाकी, आपल्या बंबाची थोरली बहीण म्हणा. एकाच जाळावर खोली तापते आणि अंघोळीचं, भांड्यांचं, गाईला द्यायचं पाणीही तापतं. संध्याकाळी दोन-तीन तास जाळ केला की लाद्या पहाटेपर्यंत कोमट राहतात. सरपण मुख्यतः बागेतलंच. सफरचंदाची छाटणी झाडं झोपेत असताना, याच दिवसांत होते, आणि छाटलेल्या फांद्या पुढच्या वर्षासाठी रचून ठेवतात. ओलं लाकूड हमामात घालत नाहीत. ते ऊब कमी देतं, धूर फार करतं आणि धुराड्यात काजळीचे थर बसवतं.

हमाम बिघडतो तो तीन कारणांनी. मोसमातला पहिला जाळ एकदम मोठा केला तर उन्हाळाभर ओल प्यायलेल्या लाद्या तडकतात, म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसती धग द्यायची. टाकी रिकामी असताना भट्टी पेटवली की तिचे सांधे निसटतात, म्हणून काडी ओढण्याआधी टाकीत डोकावायचं. तिसरं कारण जिवावरचं. लाद्यांच्या सांध्यांना भेग पडली की खालचा वायू खोलीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपेत तो कळतच नाही. म्हणून दर शरद ऋतूत सांधे नव्याने भरून घेतात. भट्टीच्या बरोब्बर वरची लादी चटका देण्याइतकी तापते, तिच्यावर गादी टाकत नाहीत.

ज्यांच्याकडे हमाम नाही त्यांच्याकडे बुखारी, म्हणजे लाकडावरची पत्र्याची शेगडी असते, आणि कांगडी तर सगळ्यांकडेच. खरं सांगायचं तर या खोऱ्यातली सगळी शहाणीव कांगडीत आहे. अख्खी खोली तापवायला लाकडाचा ढीग लागतो, माणूस तापवायला मूठ-दोन मूठ कोळसा पुरतो. मातीचं वाडग्यासारखं भांडं, त्याला कोंडुल म्हणतात. भोवती विलोच्या लवचीक फांद्यांची वीण, वर दोन कड्या आणि मागे टेकण. चरार-ए-शरीफची कांगडी नावाजलेली. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी आठवा, आणि ती अंगरख्याच्या आत घेऊन माणूस गावभर फिरतोय अशी कल्पना करा.

भरायची रीत ठरलेली आहे. कोंडुल पाऊण भरेल इतका बारीक कोळसा घालून हाताने हलका दाबायचा. अगदी सैल राहिला तर भसाभस जळून दोन तासांत संपतो, फार ठासला तर हवा न मिळून विझतो. त्यावर चुलीतले चार-पाच फुललेले निखारे आणि वर राखेचा पातळ थर. ही राखच कांगडीचा लगाम आहे. आच वाढवायची तर चालन नावाच्या छोट्या उलथन्याने कडेची राख जरा सरकवायची, मंद करायची तर वर ओढायची. चालन कांगडीलाच दोरीने बांधलेलं असतं. मधोमध खुपसून ढवळणं हे नवख्याचं लक्षण. सगळे निखारे एकदम वर येतात, चटका बसतो आणि कोळसाही लवकर संपतो. नीट भरलेली कांगडी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत सहज चालते. कोळसा घरीच करतात. शरदात चिनारची पानं झाडून ढीग करायचा, पेटवायचा आणि जाळ बसता बसता पाणी शिंपडून विझवायचा. राहतो तो हलका, काळा चुरा. तो पटकन पेटतो. फळझाडांच्या लाकडाचा कोळसा उशिरा पेटतो पण टिकतो, म्हणून खाली लाकडाचा आणि वर पानांचा अशी जोडी लावतात. कोळसा ओला असेल तर कांगडी धुरते आणि डोकं दुखायला लागतं. नवी पेटवलेली कांगडी म्हणूनच आधी ओसरीवर ठेवतात आणि धूर सरल्यावरच आत आणतात.

कांगडी हा फेरनचा अर्धा भाग आहे. फेरन म्हणजे काश्मिरी अंगरखा, सैल, गुडघ्याखालपर्यंत, लोकरीचा. आत आणखी एक पातळ सुती. बाह्यांतून हात आत ओढून घ्यायचे आणि कांगडी पोटाशी धरायची. पर्यटकांच्या फुगीर नायलॉन जॅकेटात हे जमत नाही, आणि जमवूही नये. नायलॉन आधी वितळतं, मग कातडीला चिकटतं. फेरन विकत किंवा मागून घ्या, पण लोकरीचाच घ्या. वर्षानुवर्षं मांड्यांशी किंवा पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडतात आणि काहींना तिथे कर्करोगही होतो. वैद्यकात त्याला कांगडी कॅन्सर असंच नाव आहे. कांगडी घेऊन झोपणं ही दुसरी जुनी चूक. ती कलंडली की गादी पेटते. घरातली जाणती बाई रात्री सगळ्यांच्या कांगड्या मोजून काढून घेते. दार-खिडकी गच्च बंद करून निखारे आत ठेवायचे नाहीत, हमाम असो, बुखारी असो की कांगडी. वरचा झरोका मोकळा ठेवायचा तो याचसाठी.

आता बर्फ. काश्मिरीत शीन. नव्या घरांची छपरं उतरत्या पत्र्याची असतात, बर्फ आपोआप घसरून पडतो. घसरताना तो पावसासारखा ठिबकत नाही, अख्खी लादीच्या लादी धाडकन येते. त्यामुळे वळचणीखाली उभं राहायचं नाही, गाडी लावायची नाही, मुलांना खेळू द्यायचं नाही. वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे, त्यांना शिशरगांठ म्हणतात, सकाळी लांब काठीने पाडतात. खरी मेहनत गोठ्याच्या आणि पडवीच्या कमी उताराच्या छपरांवर. १० फूट बाय १० फूट छपरावर फूटभर भुरभुरीत बर्फ साठला तर वजन अडीचशे ते तीनशे किलो होतं. तोच ओला असेल तर आठशे किलोच्या वर. म्हणून दुसरा थर पडायची वाट न बघता लाकडी फावड्याने ओढून काढतात. लोखंडी फावड्याने पत्र्याला भोकं पडतात. दोन्ही उतार थोडे थोडे, बरोबरीने मोकळे करायचे, नाहीतर एकीकडच्या भाराने वासा पिळवटतो. पत्र्यालगतचा दोन बोटांचा थर खरवडत बसायचं नाही, तो उन्हाने जातो.

पायवाट पहाटे, कुणाचा पाय पडायच्या आत साफ करतात. तुडवलेला बर्फ रात्रीत काचेसारखा घट्ट होतो आणि मग त्यात फावडं शिरत नाही. त्यावर हमामातली राख पसरतात. बागेतही धावपळ असते, विशेषतः पानं गळायच्या आत बर्फ आला तर. पानांवर बर्फ साठून फांद्या बुंध्यापासून चिरतात. नोव्हेंबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं तसं झालं आणि बागांचं मोठं नुकसान झालं. असा बर्फ आला की बांबूने फांद्या खालून हलवून झटकतात. वरून झोडपलं तर फळाचे डोळे मोडतात.

पाण्याचं दुखणं वेगळंच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळी फोडतं. रात्री एक नळ बारीक धारेने सुरू ठेवतात, उघड्या नळ्यांना गोणपाट आणि पेंढा गुंडाळतात. फार थंडी पडणार असं दिसलं की मुख्य चावी बंद करून नळ्या रिकाम्या करतात. गोठलेली नळी सोडवताना नळाचं तोंड आधी उघडायचं आणि कोमट पाणी तोंडाकडून मागे मागे ओतत जायचं. मधूनच तापवलं तर सुटलेलं पाणी दोन्हीकडून अडकतं. नळीखाली जाळ धरणारेही आहेत, पुढे त्यांना प्लंबर शोधावा लागतो. पाणी अगदीच बंद झालं तर बर्फ वितळवायचा. भांड्याच्या तळाशी पेलाभर पाणी घेऊन त्यात बर्फ घालत जायचं. कोरडा बर्फ तापल्या भांड्यात टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. दहा भांडी ताज्या बर्फाचं जेमतेम एक भांडं पाणी होतं, आणि नुसतं वितळवायला लागणाऱ्या आचेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. गॅसही थंडीत रुसतो. सिलिंडरमधल्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, म्हणून सिलिंडर बाहेर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवतात.

खाण्याची तयारी मात्र उन्हाळ्याच्या शेवटीच उरकलेली असते. आपण वैशाखात वाळवणं घालतो, इथे ऑगस्ट-सप्टेंबरात. या सुकवलेल्या भाज्या म्हणजे होख स्युन. वांग्याला देठाशी जोडलेल्या चार उभ्या चिरा देऊन दोरीवर टांगतात, ती वांगन हच्ची. दुधीच्या लांब पट्ट्या म्हणजे अल हच्ची, सलगमच्या चकत्यांच्या माळा म्हणजे गोगजी आरे. टोमॅटोही असेच. वाळताना एक सर जरी पडली तरी माळा आत घ्यायच्या. अर्धवट सुकलेल्या वांग्याला आतून बुरशी धरते आणि ती डिसेंबरात डबा उघडल्यावर कळते. वापरताना गरम पाण्यात तासभर भिजवून, पिळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच फोडणीला टाकतात. धुण्यात आळस केला तर रस्सा कडवट होतो आणि दाताखाली कचकच येते.

ताजी सलगमं आणि गाजरं परसात खड्डा करून पुरतात. पाला कापायचा, पण धुवायचं नाही, ओलीला कूज लागते. वर पेंढा, वर माती आणि एक उंच काठी रोवायची. काठी विसरलात तर दोन फूट बर्फाखाली खड्डा शोधत बसा. त्याच बर्फाचं पांघरूण मातीला फार खोल गोठू देत नाही, म्हणून भाजी टिकते. हाख या काश्मिरी पालेभाजीची पानं तर बर्फ बाजूला सारून खुडतात. थंडीत पानात साखर वाढते, त्यामुळे ही हाख उन्हाळ्यातल्यापेक्षा गोड लागते.

दिवसातून दोन-तीनदा नून चाय, म्हणजे मिठाचा चहा. चहाची पानं आणि चिमूटभर सोडा पाण्यात अर्ध्यावर येईपर्यंत उकळायची, मग गार पाणी ओतून पळीने उंचावरून घुसळायची. रंग गडद लाल झाला की दूध आणि मीठ. मग ती गुलाबी होते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी लागते, लाल रंग यायच्या आत दूध घातलं तर मळकट दिसते. बरोबर कांदुरकडची, म्हणजे गावच्या भटारखान्यातली, गरम रोटी. ती आणायला सकाळी कुणीतरी रबरी लाँग बूट घालून निघतंच.

हे बूट जाणाऱ्यानेही एक नंबर मोठे घ्यावेत आणि आत लोकरीचे मोजे घालावेत. सुती मोजा एकदा ओला झाला की दिवसभर वाळत नाही. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो फेरनच्या आत ठेवावा, पण कांगडीपासून लांब. बर्फात श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. आणि रात्री यजमानीण कांगडी मागायला आली की "अजून थोडा वेळ" म्हणू नये.