गच्चीवरून दिसलेलं घर
आज संध्याकाळी रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जाताना पाहिलं. चारेक मिनिटं, बस्स. (इंदूरच्या झगमगाटातही दिसतं, खरंच!)

भाची म्हणाली, "मामा, हे पाडणार ना?" हो गं. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत कुणीतरी राहतंय. आता ते समुद्रात पाडायला यान बनवण्याचं काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलंय. पुढची स्थानकं खासगी. त्यातलं स्टारलॅब नावाचं स्थानक तर अख्खं एकाच स्टारशिपमधून, म्हणजे स्पेसएक्सच्या महाकाय रॉकेटमधून, न्यायचं म्हणताहेत! मला मात्र अ‍ॅक्सिऑम या दुसऱ्या खासगी कंपनीचा बेत पटतो: आधी जुन्या घराला खोली जोडायची, मग वेगळी चूल. आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये याच कंपनीच्या मोहिमेतून या स्थानकावर गेले होते.

तेवढ्यात खालून आईची हाक, भुट्ट्याचा कीस गार होतोय.